हिमवतीचा गडू

एका राज्यात नदी होती, पण तिच्यात पाणी नव्हतं. हिमवती तिचं नाव. पूर्वी ती बर्फाच्या गुहेतून निघायची, तीन संगमांवर तीन बहिणींना पोटाशी घ्यायची आणि मैदानात उतरून घाटांचे पाय धुवायची. मरणाऱ्याच्या मुखी तिचा थेंब पडला की जीव सुखानं सुटायचा. राजा चंडकेतूला हाव सुटली, दुसरं काय! केवळ आपल्या मरणासाठी त्यानं मांत्रिकाकरवी अख्खी नदी तांब्याच्या गडूत कोंडली आणि तो गडू घेऊन उगमापाशी जाऊन बसला. त्याला एक तप लोटलं.

रतनू नावाड्यानं जन्मभर लोकांच्या अस्थी नदीत पोचवल्या. आता तोच अंथरुणाला खिळला. "पोरी, तुझ्या हातचं हिमवतीचं पाणी मिळू दे, मग मी सुखानं जाईन," एवढंच तो म्हणे. त्याची लेक सुरंगा कोरड्या पात्रातून उगमाकडे निघाली.

पहिल्या संगमावर वाट सोडायला नागानं तिचे केस मागितले. दिले. दुसऱ्यावर यक्षिणीनं तारुण्य मागितलं. तेही दिलं. तिसऱ्यावर चकोर बसला होता.

"झोप दे," तो म्हणाला.

"घे."

तेव्हापासून तिचा डोळा लागला नाही. चकोर पुढे उडत तिला वाट दाखवू लागला.

गुहेत राजा पडला होता. ओठ तडकलेले, गडू छातीशी. मरण येईना, कारण मंत्रानं त्याचं मरण गडूतल्या पाण्याशी बांधलेलं, आणि शेवटचं पाणी आपलं आपण पिता येत नाही, दुसऱ्यानं पाजावं लागतं. आणि त्या मेल्याला पाजणारं होतंच कोण? सुरंगानं गडू हिसकावला. झाकण हलेना.

"ते याच्याच मुखासाठी उघडेल," चकोर म्हणाला.

"आणि माझा बाप?"

"नदी सुटली, तर त्याच्यापर्यंत जाईल."

दगड घालावा याच्या डोक्यात, असं सुरंगाला वाटलं. पण तिनं ते डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब पाजला. राजा मेला. गडू फुटला, नदी गर्जत खाली धावली. सुरंगाही धावली, पण नदीपुढे माणसाचे पाय कुठवर पुरणार?

आठव्या दिवशी ती गावी पोचली. घाटावर शंख वाजत होते. झाडांना टांगलेली अस्थींची गाठोडी लोक रडत रडत सोडत होते. या म्हातारीला कुणी ओळखलं नाही.

"रतनू नावाडी कसा आहे?" तिनं शेजारणीलाच विचारलं.

"काल गेला हो, आजी. पाणी पार दाराशी आलेलं. आम्ही वाट्या भरभरून नेल्या, पण हट्टी तो, दात उघडले नाहीत. म्हणे, माझी लेक येतेय, तिच्याच हातचं घेईन."

सुरंगा पायरीवर बसली. राज्य सावरलं, सगळ्यांचे जीव सुटले. तिनं पाण्यात हात घालून ओंजळ भरली, आणि ती कुणाला पाजायची हे तिला कळेना.