देवराईतली करडी पाखरं

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात देवराईचा एक राखणदार राहत असे. देवीपुढचा दिवा त्याच्या पणजोबांच्या काळापासून विझलेला नव्हता. देवराईतल्या एका जुन्या झाडाच्या बियांचं तेल त्याला वर्षभर पुरे. दुसरं तेल देवीला चालत नसे.

त्या झाडाच्या सालीवर दगडफूल माजलेलं असे आणि त्यावर पतंगांच्या जातीची नखाएवढी करडी पाखरं दिवसभर निजून असत. पाखरू कुठलं अन् दगडफूल कुठलं, जवळ जाऊनही कळत नसे. त्यांच्या अळ्या दगडफुलावरच वाढत. अंधार पडला की पाखरं झाडाच्या फुलांवर जात, काही दिव्याभोवती घिरट्या घालत. राखणदार वैतागून त्यांना पंच्याने हाकलून देई.

त्याचं दुःख वेगळंच होतं. जन्मभर राबूनही त्याचं कुणी नाव काढत नसे. राखलेलं रान कुणाच्या डोळ्यांत भरतं? ते आपलं होतं तसंच दिसतं! म्हणून यात्रा जवळ आली तसा त्याने चुना आणि गेरू कालवला.

बायको म्हणाली, "अहो, झाडांना कशाला रंग? ती काय बोहल्यावर चढणार आहेत?"

"तू गप्प बस गं. मी काय करतो ते एकदा तरी लोकांना दिसू दे."

शिडी लावून त्याने दगडफूल खरवडलं आणि खोडांवर पांढरे-तांबडे पट्टे ओढले. यात्रेकरू म्हणाले, "आता कुठे देवराई शोभते!" पाटलांनी त्याला मानाचा नारळ दिला. बिचाऱ्याला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या खोडावर करडी पाखरं उघडी पडली. ताटात वाढल्यासारखी पक्ष्यांनी ती टिपली. "बरं झालं, पीडा गेली," राखणदार म्हणाला.

पुढे झाड फुललं. वास गावापर्यंत गेला, पण फुलं तशीच गळून पडली. एकही फळ धरलं नाही.

बुधल्यातलं तेल तळाला गेलं, तेव्हा त्याला फुलांवरची ती पाखरं आठवली; फळ धरायचं ते त्यांच्यामुळेच. तो धावत जाऊन नखांनी चुना खरवडू लागला. चुन्याबरोबर सालही निघाली. दगडफूल पुन्हा धरायला माणसाचा जन्म जातो, आणि अळ्यांना खायला तर आताच हवं होतं.

शेवटचं तेल घातलं त्या संध्याकाळी तो सवयीने पंचा घेऊन दिव्यापाशी बसला. हाकलायला एकही पाखरू आलं नाही. थोड्या वेळाने दिवा विझला.

तात्पर्य एवढंच: ज्याची राखण करायची, ते आपल्या कौतुकासाठी सजवू नये.