फोडून पाहिलेले लाडू

मुलांनो, मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. मोहाच्या लाडवांचा त्याचा छोटासा धंदा होता. खार वाळलेली फुले निवडी, ससा ती उखळात कुटी आणि कासव लाडू वळी. अस्वल मनाने वाईट नव्हते, पण संशयी फार! लाडू नीट बांधला गेला का, हे पाहायला ते प्रत्येक लाडू मधोमध फोडी आणि "ठीक आहे, पुन्हा वळ," म्हणून कासवापुढे टाकी. एकदा मोडलेला लाडू कधी पहिल्यासारखा वळला जातो का? पण मालकाला शहाणपण कोण शिकवणार!

एके दिवशी हत्तींच्या कळपाची थोरली हत्तीण आली. "पौर्णिमेला माझ्या लेकीचं डोहाळजेवण आहे. दोनशे लाडू हवेत. गेल्या खेपेसारखा सोंडेत भुगा झाला, तर पुन्हा तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही." हत्तींसारखे गिऱ्हाईक तुटले की धंदा बसलाच. अस्वलाने ओरडून पाहिले, जास्तीची बोरे वाटून पाहिली. बोरे संपली, लाडू काही वाढेनात. उलट कासव आता कसेबसेच वळू लागले. मोडायचाच आहे तर मन लावून कशाला वळायचा, असे त्याला वाटे.

पौर्णिमा पाच दिवसांवर आली आणि टोपलीत लाडू अवघे चाळीस. अस्वल मटकन खाली बसले. "मी आणखी काय करू? तुम्हीच सांगा रे बाबांनो!" इतक्या वर्षांत त्याने असे पहिल्यांदाच विचारले होते. कासवाने मान बाहेर काढली. "मालक, रागावू नका. सकाळपासून मी वीस लाडू वळले, वीसच्या वीस तुम्ही फोडलेत. माझा हात बसलाय यात. एकदा भरवसा ठेवून तर बघा." मग खारीलाही धीर आला. "मला भर उन्हात बसवता, डोळ्यांपुढे अंधारी येते. फुलांतला कचरा दिसणार कसा?" ससा म्हणाला, "आणि ते उखळ माझ्या कानांपेक्षा उंच आहे हो!"

अस्वलाला स्वतःचीच लाज वाटली. त्याच दुपारी त्याने खारीचे सूप सावलीत नेले आणि सशाला उभे राहायला उखळाशेजारी दगड रचले. लाडू फोडायची सवय मात्र सुटता सुटेना, म्हणून ते स्वतः लाडवांत घालायचे तीळ भाजायला बसले. हात गुंतलेले बरे!

पौर्णिमेला हत्तीण लेकीला घेऊन आली, तेव्हा दोनशे लाडू तयार होते. तिने एक लाडू सोंडेने दाबून पाहिला. तो फुटला नाही. दुसरा तिने लेकीला भरवला आणि विचारले, "हे कोणाच्या हातचे?" अस्वलाने कासवाला पुढे केले. "यांच्या हातचे. मी फक्त मध्ये मध्ये करायचं थांबवलं." कासव इतके लाजले, की मान आत ओढून बसले. पण दुसऱ्या दिवशी कामावर सर्वांत आधी कोण हजर झाले असेल? कासव!

तात्पर्य : काम मागे पडले, तर ओरडण्याआधी काम करणाऱ्याला काय नडते ते विचारावे, आणि ज्याच्यावर काम सोपवले, त्याच्यावर विश्वासही टाकावा.