चिंचेला घातलेला वळसा

गोष्ट फार जुनी आहे. दुर्दैवाने ती अजून जुनी झालेली नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावात वरची आणि खालची अशा दोन आळ्या होत्या, एक तळे होते आणि एक खेळ होता.

खेळाचे नाव चौखांबी. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार खांब पुरलेले असत. एका आळीच्या गड्याने फळीने चिंध्यांचा चेंडू टोलवायचा आणि एकामागून एक चारही खांब शिवत धावायचे. दुसऱ्या आळीच्या गड्याने चेंडू हातात घेऊन त्याला दोन खांबांच्या मध्ये गाठून शिवले, की तो बाद. दरवर्षी माघी पौर्णिमेला दोन्ही आळ्यांचा सामना होई, आणि हरलेल्या आळीने तळ्यातला गाळ काढायचा अशी रीत होती. रीत चांगली होती. अडचण एवढीच, की गेली सहा वर्षे कोणी हरलेच नव्हते.

याचे कारण मैदानाच्या कडेला उभे होते. तिथल्या शिळेवर पूर्वजांनी कोरले होते: ‘धावणाऱ्याने वाट सोडू नये. सोडल्यास बाद.’ वाट म्हणजे काय, हे कोरायचे पूर्वज विसरले होते. किंवा छिन्नी मोडली असावी. प्रत्येक सामना याच ओळीशी येऊन अडे, भांडता भांडता सूर्य मावळे आणि गाळ होता तिथेच राही. यंदा तर माघातच म्हशी तळ्यात जेमतेम गुडघाभर बुडत होत्या, आणि घागर बुडवली की निम्मा चिखल वर येत होता. याही वर्षी निकाल लागला नाही, तर वैशाखात गावाला पाणी उरणार नव्हते.

सामन्याला दोन पंच असत. एक थोरले पंच, आणि दुसरी वयाने धाकटी, जिला सगळे पंचबाई म्हणत. पंचबाई दरवर्षी सामन्याच्या सकाळी तोच प्रश्न विचारी, तसा तिने यंदाही विचारला.

“थोरले, खेळ सुरू होण्याआधी वाट म्हणजे काय ते ठरवून घ्यायचं का?”

“अगं, शुभकार्याआधी भांडणाचा विषय काढू नये. आणि पूर्वजांनी लिहिलंय ते शहाण्याला कळतंच.”

“तुम्हाला काय कळतं?”

“वाट म्हणजे वाट,” थोरले म्हणाले. हे उत्तर पंचबाईने मनातल्या मनात त्यांच्याबरोबरच म्हटले. सहा वर्षांत तिला ते पाठ झाले होते.

खापराची एक बाजू ओली करून ते उडवले गेले. ‘सुकी’ पडली आणि खेळ सुरू झाला. दुपार कलली तेव्हा दोन्ही आळ्यांच्या फेऱ्या सारख्या झाल्या होत्या. खालच्या आळीचा शेवटचा गडी तिसऱ्या खांबाकडून चौथ्याकडे निघाला. वरच्या आळीचा गडी चेंडू घेऊन आडवा आला. धावणारा झपकन वळला, मैदानाच्या कडेच्या चिंचेला मागून वळसा घालून आला आणि त्याने चौथा खांब शिवला.

“बाद,” वरच्या आळीचा नाईक ओरडत आला. “चिंचेमागून कुठली वाट? उद्या तळ्याला प्रदक्षिणा घालून याल.”

“वाट आखलीय कुठे, ते दाखव आधी,” खालच्या आळीचा नाईक म्हणाला. “धावणारा धावेल ती वाट. काय हो पंचबाई, डोळ्यांत फूल पडलंय का? बोला की.”

पंचबाईला वेगळेच आठवत होते. गेल्या वर्षी वरच्या आळीचा गडी प्रेक्षकांमधून धावत गेला होता, आणि ‘धावेल ती वाट’ हे वाक्य तेव्हा वरच्या नाईकाचे होते. ‘आखलेली नसली तरी वाट असतेच’ असे तेव्हा छातीवर हात ठेवून सांगणारा होता खालचा नाईक. दोघांनी एकमेकांची मते जशीच्या तशी, घडीही न मोडता, उचलली होती.

थोरले पंच तिच्या कानाशी लागले. “काहीतरी एक सांगून टाक. जी आळी कमी ओरडेल तिच्याविरुद्ध दे, म्हणजे लवकर मिटेल.”

हे सोपे होते. बादचा हात वर केला असता, किंवा केला नसता, तरी संध्याकाळपूर्वी ती घरी पोहोचली असती. पण तो निवाडा नसून अंदाज ठरला असता, आणि अंदाजापुढे मान वाकवून कोणतीच आळी चिखलात उतरली नसती.

“शिळेवर उत्तर नाही,” ती म्हणाली. “म्हणून मलाही ते माहीत नाही.”

“मग पंच कशाला झालात?” गर्दीतून कोणीतरी विचारले.

“तेच मी सहा वर्षं स्वतःला विचारतेय. शेवटची धाव पुन्हा होईल आणि तिच्यावरच सामना ठरेल. धावणारा खांबाला पोहोचला तर त्याची आळी जिंकली, नाहीतर पकडणाऱ्याची. पण त्याआधी तुम्ही दोघा नाईकांनी वाटेचा अर्थ ठरवायचा. आणि कोणी धावायचं, कोणी पकडायचं, ते खापर सांगेल. तुमचं ठरल्यावर.”

वरच्या नाईकाने तोंड उघडले, आणि धावायची पाळी आपल्यावरच आली तर, या विचाराने मिटले. खालच्याचेही तेच झाले. सहा वर्षे न सुटलेला प्रश्न त्यानंतर पान जमवायला लागतो तेवढ्या वेळात सुटला: पकडणारा आडवा येईल त्या क्षणी धावणारा जिथे असेल, तिथून खांबापर्यंतची सरळ रेघ म्हणजे वाट, दोन्ही बाजूंना एकेक हात मोकळीक, त्यापलीकडे बाद.

खापर उडाले. धावणे वरच्या आळीकडे गेले.

वरचा नाईक स्वतःच धावला. खालचा आडवा येताच तो डावीकडे वळला, निसटला, आणि खांबापासून चार पावलांवर आपणहून थांबला. त्याने मागे वळून धुळीत उमटलेली आपली पावले पाहिली.

“दीड हात गेलो ना?” त्याने विचारले.

“दीड हात,” पंचबाई म्हणाली. कोणीही वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरची आळी फावडी-घमेली घेऊन तळ्यात उतरली. काठावर उभे राहून थोरले पंच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “वाटेचा अर्थ हाच आहे, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.” पंचबाईने ते ऐकले, आणि एक घमेले उचलून त्यांच्या हातात दिले.

तात्पर्य एवढेच: संदिग्ध नियमाचा अर्थ, तो आपल्या बाजूने पडेल की विरुद्ध, हे कळण्याआधीच ठरवावा, नंतर ठरतो तो अर्थ नव्हे, स्वार्थ.