नावाची बोडी

ही डाव्या हाताला दिसते ना, कमळाच्या पानांनी अर्धी झाकलेली, पलीकडच्या काठाला जांभळीचं दाट रान असलेली, ती नावाची बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. "कोणाच्या नावाची?" असं विचारू नका जी, सकाळपासून दोन गाड्यांनी विचारून झालं. नावाचीच बोडी. कोण्या राजाची नाही, कोण्या देवाची नाही. जिप्सी इथं थोडा वेळ उभी राहील. इंजिन बंद केलंय, तुम्ही मोबाईल बंद करा, आणि कोणी पाय खाली टाकायचा नाही. जनावर पाण्यावर आलं तर आलं, नाही तर गोष्ट ऐकून जा. वाघ काही माझा पाहुणा नाही, चहाला बोलावला आणि आला!

अलीकडच्या काठावर, आपल्या समोरच, तो जुना मोह बघा. त्याच्याकडे लक्ष ठेवून ऐका, म्हणजे सगळं समजेल.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा गेट नव्हतं, तिकीट नव्हतं, रानाभोवतीचा बफर पट्टा नव्हता. आमच्या मोहटोल्यात सायत्रा नावाची सून होती. तिच्या नवऱ्याचं नाव वाघू. आता सगळी गंमत इथंच आहे आणि सगळा घातही इथंच आहे.

त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं पक्कं मानत. लग्नाकार्यात उखाण्यात घेतलं तेवढं चालायचं. बरं, नुसतं नावच नाही, नावासारखा शब्दही तोंडात येऊ द्यायचा नाही. नवरा सोमा असला की बायकोच्या आठवड्यातून सोमवार गेला, ती म्हणणार "मंगळवारच्या आदला दिवस". हसा, हसा! तुमच्या पणज्या काही वेगळ्या नव्हत्या. तर सायत्राचं नशीब असं, की ज्या रानात जन्म काढायचा त्या रानातला सगळ्यात गरजेचा शब्दच तिला बंद. नवऱ्याला ती "ते" म्हणायची आणि वाघालाही "ते" म्हणायची. "ते काल नाल्यावर पाणी प्यायले" असं तिनं म्हटलं की बाया विचारायच्या, "कोणते ते गं बाई? दोन पायांचे की चार पायांचे?" सायत्राही पदर तोंडाला लावून हसायची. गावाची ती रोजची करमणूक होती.

घरात तिसरं माणूस एकच, वाघूची बहीण राही. सासू गेली तेव्हा राही जेमतेम सहा वर्षांची होती. तिची वेणी सायत्रानं घातली, तिच्या तापात सायत्रा जागली, तिला मोह वेचायला आणि पाला ओळखायला सायत्रानंच शिकवलं. नात्यानं नणंद, पण सायत्राच्या पोटी लेकरू नव्हतं, आणि त्याची उणीव तिला कधी वाटली नाही ती राहीमुळे, असं सांगतात. त्या वर्षी राहीचं लग्न ठरलं होतं, अक्षय्य तृतीयेनंतरचं. वाघू बैलगाडी घेऊन दूरच्या बाजाराला गेला होता, मीठ आणि लग्नाचं लुगडं आणायला. आज येईल, उद्या येईल म्हणून दोघी वाट बघत होत्या. आणि बाजाराची गाडीवाट येते ती समोरच्या जांभळीतून, बोडीला वळसा घालून. आजही तिची चाकोरी दिसते.

चैत्राचे दिवस होते. मोहफुलं पहाटे गळतात आणि उजाडल्यावर बाया टोपल्या घेऊन येतात. त्या सकाळी सहा-सात जणी होत्या. राही बोडीच्या टोकाला, जांभळीच्या जवळच्या झाडाखाली वाकून वेचत होती. सायत्रा या मोठ्या मोहाखाली होती. टोपली भरली म्हणून ती कंबर सरळ करायला उभी राहिली, तेवढ्यात तिला जांभळीच्या सावलीत पिवळं हललेलं दिसलं.

आम्ही गाईड लोक पाहुण्यांना सांगतो, रानात वाकून बसू नका. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, चरणारं जनावर वाटतं. उभं राहिलं, तोंड त्याच्याकडे केलं, आवाज केला, तर तो बहुतेक वेळा वाट सोडतो. सायत्राला हे माहीत नव्हतं असं नाही, रानातल्याच माणसाची लेक होती ती. एका शब्दाचं काम होतं. राहीनं तो ऐकला असता तर ती उभी राहून मागं सरकली असती.

शब्द सायत्राच्या ओठापर्यंत आला म्हणे. "वा" आला आणि तिथंच अडकला. दहा वर्षांची सवय होती आणि नवरा वाटेवर होता, रानातून येत होता. त्याचं नाव नेमकं आताच घ्यायचं? तिनं तो शब्द गिळला आणि जीव खाऊन ओरडली,

"राही! ते आले! ते आले गं, जांभळीत ते आले!"

राहीनं मान वर केली. तिचा चेहरा फुलला, असं तिच्या शेजारी वेचणाऱ्या बायांनी पुढं कितीदा तरी सांगितलं. तिला वाटलं, दादा आला. टोपली टाकून "दादा!" म्हणत ती जांभळीकडे पळत सुटली.

मग सायत्रा ओरडली. "वाघ! राही, वाघ! वाघ!" लग्नानंतर तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला, आणि एकदा निघाला तो थांबेना. पण राही तोवर सावलीत पोचली होती.

बायांनी टोपल्या बडवल्या, दगड मारले, आरडाओरडा केला. वाघ तिला टाकून रानात गेला. सायत्रानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. राही थोडा वेळ होती. "वैनी, दादा दिसला नाही," एवढंच ती बोलली आणि गेली.

गाव दुःखात होतं आणि भ्यालंही होतं. बाईनं भर रानात धन्याचं नाव घेतलं, एकदा नाही, गळा फाटेस्तोवर घेतलं. आता वाघू काही घरी येत नाही, असं म्हातारे उघड बोलू लागले. सायत्रालाही तसंच वाटत होतं. नणंद गेली, आता नवराही जाणार, आणि दोन्ही आपल्याच तोंडामुळे, असं म्हणत ती चूल न पेटवता उंबऱ्यावर बसून राहिली.

चौथ्या दिवशी गाडीवाटेनं बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. वाघू आला, आणि धडधाकट आला! साधा काटासुद्धा टोचला नव्हता त्याला. गाडीत मीठ होतं आणि राहीचं हिरवं लुगडं होतं.

त्याला बघून सायत्राला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला असा साबूत बघितला तेव्हाच तिला खरं काय ते कळलं, आणि तिनं छाती बडवून घेतली. "मी तुमचं नाव घेतलं," ती सगळ्या गावासमोर म्हणाली. "शंभरदा घेतलं. तुम्हाला काहीच झालं नाही! मग एकदा आधी घेतलं असतं तर?"

वाघू बहिणीसाठी दिवसभर रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला हाताला धरून बोडीवर घेऊन आला. तिला या मोहाखाली उभं केलं. स्वतः राही जिथं वेचत होती तिथं गेला, पाठ फिरवली आणि म्हणाला, "आता घे माझं नाव. इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे." सायत्रा नाव पुटपुटली. तो म्हणाला, "नाही आलं." ती पुन्हा म्हणाली. "नाही आलं." दुपारपर्यंत असं चाललं म्हणे. शेवटी सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी तिनं हाक मारली, "वाघूऽऽ!" तेव्हा तो वळला. गावात येणाऱ्या प्रत्येक सुनेनं आधी इथं येऊन हे करायचं, असं त्या दोघांनी त्याच दिवशी गावाला सांगितलं.

आजही मोहटोल्यात लग्न झालं की पाचव्या दिवशी नवरीला बोडीवर आणतात. वनखात्याच्या साहेबांची परवानगी काढतो, दोन वनरक्षक काठीला घुंगरू बांधून सोबत असतात. नवरी या मोहाखाली उभी राहते. नणंद तिकडे जाऊन पाठ फिरवून वाकते, वेचल्यासारखी. मग नवरीनं नवऱ्याचं नाव घ्यायचं, उखाणा नाही, लाजणं नाही, नुसतं नाव. आताच्या पोरी घरात नवऱ्याला नावानंच हाक मारतात, तरी इथं आल्यावर पहिल्यांदा हळूच घेतात. नणंद वाकल्या वाकल्याच ओरडते, "ऐकू नाही आलं, वैनी!" मग पुन्हा. आणि स्पष्ट ऐकू आलं की ती उभी राहते, वळते आणि जांभळीकडे पाठ करून पळत सुटते ती थेट वैनीकडे. ओळख पाच दिवसांची असते, पण दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात.