पागोटं कुणी उतरवायचं

लहानांनो आणि मोठ्यांनो, ही इतकी जुनी गोष्ट आहे की खरी का खोटी, हे सांगायलाही आता कुणी उरलं नाही.

एका राज्यात राजा बदलायची रीत सोपी होती. राजा नकोसा झाला की भर दरबारात त्याच्या डोक्यावरचं पागोटं उतरवायचं. उतरवलं की तो गेला. फक्त, जो उतरवेल तोच पुढचा राजा. राजाने स्वतः पागोट्याला हात लावायचा नाही.

एका वर्षी पाऊस थांबेना. गावाच्या वरचं तळं काठोकाठ भरलं. तळ्याचा दरवाजा राजाच्या हुकमाशिवाय उघडत नसे, आणि राजा हुकूम देत नव्हता.

सगळ्यात खाली एका कुंभारणीचं घर होतं. पाणी उंबऱ्याला लागलं, तशी तिने कोंबड्या छपरावर ठेवल्या आणि शेळीला ओढत दरबारात आली.

तिथे प्रधान आणि सात म्हातारे बसले होते. राजा नखं कुरतडत होता.

"प्रधानजी, यांना काढा की," कुंभारीण म्हणाली.

"काढायचंच आहे, बाई. सगळ्यांचं एकमत आहे. कुणी, एवढंच ठरेना."

"तुम्ही काढा."

"माझे गुडघे दुखतात."

"मग तुम्ही, आजोबा."

"माझ्या नातीचं लग्न आहे," एक म्हातारा म्हणाला.

"कधी?"

"आधी ती जन्मू दे."

तेव्हा राजाच हळूच बोलला. "बाई, तुम्हीच उतरवा. मी दरवाजा उघडत नाहीये तो त्याच्यासाठीच. म्हटलं, चिडून कुणीतरी येईल आणि हे उतरवेल. आठ दिवस झाले. मान आखडली माझी."

कुंभारणीने हात पुढे केला. बोटं पागोट्याला लागली. मग तिच्या मनात आलं, उद्यापासून गावात जे काही बुडेल ते माझ्या नावावर. तिने हात मागे घेतला.

राजाने थकून मान खाली घातली. शेळीने पागोटं ओढलं आणि खाल्लं. जरीसकट.

प्रधानाने शेळीला मुजरा केला. रीत ती रीत.

शेळी म्हणाली, "बें."

"दरवाजा उघडा, असा हुकूम आहे," प्रधान म्हणाला.

कुंभारणीचं घर वाचलं. जुना राजा मान चोळत मेव्हण्याच्या गावी निघून गेला.

चार दिवसांनी कुंभारीण परत आली. "पाऊस थांबला. आता दरवाजा बंद करा, नाहीतर तळं रिकामं होईल."

प्रधानाने शेळीकडे पाहिलं. शेळी म्हणाली, "बें."

"तोच हुकूम आहे," प्रधान म्हणाला.

उन्हाळ्यात तळ्यात चिखल उरला, मग तोही उरला नाही. माती भिजवायला पाणी नाही, मडकी नाहीत, आणि मडक्यात भरायलाही काही नाही. कुंभारीण दरबारात आली.

"या वेळी मी उतरवते. माझी तयारी आहे."

"काय उतरवणार?" प्रधानाने विचारलं.

शेळीच्या डोक्यावर नुसती शिंगं होती.

बोध: माणसं हात मागे घेतात तेव्हा राज्य शेळीकडे जातं, आणि मग उतरवायला काही उरत नाही.