लिंबाईचे चार पायांचे साक्षीदार

कर्दळगडच्या मकरंदराजाने हुकूम काढला: गुरांना औषधपाणी करायचं, तर दरबारच्या वहीत वैद्य म्हणून नाव हवं. नसेल तर औषधाची पिशवी जप्त आणि माणूस हद्दपार! हुकूम लिहिणारा कारकून आळशी. त्याने माणसांच्या वैद्यांचा जुना नियम जसाच्या तसा उतरवून काढला. त्यात एक कलम होतं, 'बऱ्या झालेल्या रुग्णाने स्वतः दरबारात येऊन साक्ष द्यावी, तरच वैद्याचं नाव वहीत चढेल.' आता बैल कसली साक्ष देणार? पण राजा महाहट्टी. एकदा शिक्का उठला की काना-मात्राही बदलायचा नाही.

वहीत नाव नसताना औषध देणारी पहिली सापडली ती धनगरवाडीची लिंबाई. तक्रार केली दरबारचे अश्ववैद्य धुंडिराजशास्त्री यांनी, ज्यांचं नाव वहीत सगळ्यांच्या वर, विनासाक्षीच लिहिलेलं होतं.

लिंबाईचा जीव मात्र वाडीत अडकला होता. तिकडे खुरकुताची साथ, गुरांची तोंडं फोडांनी भरलेली, आणि इकडे तिची पिशवी दरबारच्या खुंटीला.

"तीन जनावरांना औषध दिलंस?" राजाने विचारलं.

"दिलं म्हाराज. माळ्याचा बैल पाय मोडून पडला हुता. कोष्ट्याची शेळी पोट फुगून आडवी झाली हुती. कुंभाराचं गाढव तर चार दिस उठलंच न्हाई."

"मग उद्या सकाळी त्यांची साक्ष होऊ दे. नाहीतर तू हद्दीबाहेर!"

शास्त्रीबुवा मिशीतल्या मिशीत हसले. "बैलाला वाचा फुटेपर्यंत वाट बघायची म्हणा की, महाराज."

"सांगतील की माझी जनावरं," लिंबाई म्हणाली. "पर शास्त्रीबुवा, तुमचाबी एखादा रुग्ण आना. नियम समद्यांस्नी सारखाच न्हवं?"

नियम हा शब्द कानावर पडला की राजाची मान आपोआप डुलायची. ती डुलली. शास्त्रीबुवांनी ऐटीत राजाच्या लाडक्या घोडीचं, चांदणीचं नाव सांगितलं. दर अमावास्येला ते तिला नळीने कडू काढा पाजतात, अशी तबेल्याच्या वहीत बारा वर्षांची नोंद होती.

सकाळी चौकात ही गर्दी! धन्यांनी तिन्ही जनावरं आणून मोकळी सोडली. लिंबाई रिकाम्या हातांनी पुढे झाली मात्र, बैलाने तिला पाहिलं आणि शेपूट वर करून धूम ठोकली. शेळी कारकुनाच्या मेजावरून उडाली, तिच्या पायाने दौत लवंडली. गाढव तर दोन पहारेकऱ्यांना आडवं करून थेट वेशीकडे सुटलं.

शास्त्रीबुवांनी टाळी वाजवली. "झाली साक्ष! मुकी जनावरंसुद्धा हिचं तोंड बघत नाहीत."

"झालीच की," लिंबाई म्हणाली. "बैलाचा मोडका पाय म्या वढून बसिवला, शेळीच्या नरड्यात त्याल वतलं, गाढवाला तापल्या सळीनं डाग दिला. जनावर असला हात जन्मात इसरत न्हाई. बगितल्याबरुबर पळाली. अन् म्हाराज, पळाली कशावर? मोडक्या पायावर?"

राजाने वेशीकडे पाहिलं. बैल अजून धावतच होता.

"आता चांदणीला सोडा," लिंबाई म्हणाली.

चांदणी सुटली ती खिंकाळत शास्त्रीबुवांकडे गेली. त्यांच्या कमरेला नाक खुपसून हुंगू लागली. शास्त्रीबुवा मागे सरकले, तशी तिने कमरेला बांधलेलं उपरणं ओढलं. त्याच्या गाठीतून गुळाचे दोन खडे पडले. तिने ते मटकावले आणि आणखी मागू लागली.

"बारा वरसं कडू काढा पाजनाऱ्याला कोन घोडी अशी चिकटंल, म्हाराज?"

राजाच्या ओठांचे कोपरे थरथरले. मग तो असा हसला की डोक्यावरचा मंदील घरंगळून मांडीवर आला.

"लिंबाई, वहीत पहिलं नाव तुझं! ही घे पिशवी. आणखी काय हवं ते माग."

"वाडीत दोनशे गुरं हाइत. औषध पाजताना शिंगं धरायला एक दणकट गडी पायजे." आणि तिने शास्त्रीबुवांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नेऊन टाक!" राजा डोळे पुसत म्हणाला. "त्यांना पाहून शंभर जनावरं पळाली, की मग त्यांचं नाव पुन्हा वहीत चढवू."

लिंबाई पिशवी खांद्याला मारून झपाझप वाडीकडे निघाली. मागून शास्त्रीबुवा निघाले, आणि त्यांच्या मागून, गुळाच्या आशेने, चांदणी.