सारवणावरची पावलं

“मी चालू शकतो की नाही?” राजे भुजंगरावांनी भर दरबारात विचारलं.

प्रश्न साधा होता, पण विचारणारे साधे नव्हते. सहा महिन्यांपूर्वी राजांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. वैद्य दाजीशास्त्र्यांनी तेल चोळून, काढे पाजून, रोज धरून उभं करून त्यांना काठीवर आणलं. आता दसरा चार दिवसांवर आला होता. सीमोल्लंघनाला राजाने वेशीपासून आपट्याच्या झाडापर्यंत शंभर पावलं स्वतःच्या पायांनी जायचं, अशी त्या राज्याची रीत. राजाला जमलं नाही तर धाकटा भाऊ जाणार, आणि जो जाईल त्याची गादी! धाकट्या बंधूंनी नवे जोडे शिवायला टाकलेसुद्धा होते.

“खुशमस्कऱ्यांनी ‘हो’ म्हणायचं नाही!” राजे गरजले. “भित्र्यांनी ‘नाही’ म्हणायचं नाही! आणि मला चालताना कुणी बघायचं नाही! मी काय बाजारातला बैल आहे, चालवून बघायला? वैद्यबुवा, परवापर्यंत पुराव्यानिशी उत्तर द्या. नाहीतर राज्य सोडा!”

वैद्यबुवा पार खचले. या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन जायचं कुठे? राजांचं खरं दुखणं त्यांना ठाऊक होतं. कुणी पाहू लागलं, की राजांचा डावा पाय रुसून बसे. आणि न पाहता पारख करायची कशी?

मागच्या अंगणात येसू शेण कालवत बसली होती. राजवाडा सारवायचं काम तिचं. वैद्यबुवांचा चेहरा बघून ती म्हणाली, “का वं बुवा, आज सोताचाच काढा प्यालासा व्हय?”

बुवांनी सगळी हकिकत सांगितली.

“म्हंजी शंभर पावलं ग्येलं की झालं?”

“नुसतं जाऊन भागत नाही गं. काठी न टेकता जायचं, आणि वाटेत लोकांशी बोलायचं. झटका आलेल्या माणसाने तोंड उघडलं की त्याचे पाय थांबतात. जीभ आणि पाय एकदम चालले, तरच ते चालणं खरं!”

“म्हाराजांची जीभ कवा चालती?”

“रागावले की थांबतच नाही!”

“मग झालं तुमचं काम,” येसू म्हणाली आणि तिने शेणात आणखी दोन मुठी भुसकट टाकलं.

दुसऱ्या दिवशी राजांच्या दारापुढचा लांबलचक चौक तिने पहाटेच सारवून काढला. तांबडी माती आणि भुसकट जास्त घालून तो अर्धा सुकू दिला. पाय घसरू नये, पण ठसा उमटावा, इतकाच! खांबाआड वैद्यबुवा आणि दोन पहिलवान भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ‘धप्प’ ऐकू आलं तरच वळायचं, असं येसूने बजावलं होतं. आणि ती स्वतः चौकाच्या पार टोकाला मान खाली घालून सारवत बसली.

राजांनी दार उघडलं.

“कोन हाय त्ये?” येसू मान वर न करता ओरडली. “पाय ठिवायचा न्हाई! वलं हाय!”

“मी राजा आहे!”

“असाल! सारवनाला राजा आन् रंक सारखाच!”

“माझ्याच वाड्यात मला मनाई?” राजांनी एक पाय टाकला.

“आवं, टाकलाच का! बरं, काठी तरी टेकू नगा! भोकं पडत्यात!”

“भोकं पडतात? ही घे तुझी काठी!” राजांनी काठी भिरकावली आणि ते चौकात शिरले. “उर्मट बाई! वर बघ!”

“हात गुतलाय, म्हाराज!”

झालं! राजे पेटले. येसूला, तिच्या शेणाला, तिला कामावर ठेवणाऱ्या कारभाऱ्याला, सगळ्यांना नावं ठेवत ते सरळ तिच्यापुढे येऊन ठाकले आणि कडाडले, “चालती हो!”

येसूने आता कुठे मान वर केली. “व्हते की! पर म्हाराज, आधी तुमी चालतं झालासा, मग म्या!”

राजे गर्रकन वळले. चौकभर त्यांची पावलं उमटली होती. वैद्यबुवा धावत आले, वाकून वाकून मोजू लागले. “एकशे सात! काठीचं एकही भोक नाही! सुरुवातीला डावा पाय घासलाय, इथे बोटं टेकली, आणि इथून पुढे पाऊल पुरतं उमटलंय!”

“त्ये कारभाऱ्याला नावं ठिवायला लागलं, तिथनं,” येसू म्हणाली.

“पण मला बघितलं कुणी?” राजांनी डोळे वटारले.

“कुनी न्हाई.”

“हो म्हटलं कुणी?”

“तुमच्याच पायांनी!”

राजांचा राग ओसरला आणि चेहरा एकदम उतरला. ते हळूच म्हणाले, “येसू, इथे कुणी बघत नव्हतं. दसऱ्याला सगळं गाव बघणार. तेव्हा पाय रुसला तर?”

येसूने हात पुसले. “त्यात काय! म्या आपट्याखाली सारवत बसते. तुमी वेशीपासनं मला रागवत या!”

राजे इतके हसले की त्यांना खांब धरावा लागला. आणि दसऱ्याला ते खरंच शंभर पावलं चालले, काठीविना, सारखं काही पुटपुटत. महाराज स्तोत्र म्हणताहेत, असं समजून लोकांनी भक्तिभावाने हात जोडले! धाकट्या बंधूंना नवे जोडे घरीच घालावे लागले.

वैद्यबुवांना शालजोडी मिळाली. येसूला राजांनी पहिलं आपट्याचं पान दिलं आणि विचारलं, “बोल, काय हवं?”

“त्यो चौक तुमी पार इस्कटून टाकलाय, म्हाराज. आता परत सारवायला शेण कोन देनार?”

राजे पुन्हा खो खो हसले आणि त्यांनी तिच्या दारात दोन दुभत्या गाई बांधायला लावल्या!